दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ : हिशोब स्वतः कसा करायचा

लंडन ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर, असं शोधून पाहा. एका ठिकाणी ५,५७० किलोमीटर मिळेल, दुसरीकडे ५,५४०, तिसरीकडे ५,५५४. वेळेचं तर विचारूच नका : साडेसहा तास, सात तास, आठ तास, काहीही सापडतं. गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न कोणता हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजलं आणि घड्याळ कधी सुरू करून कधी थांबवलं, हे दोन मुद्दे पक्के केले की उरतं ते साधं गणित. ते कागद-कॅल्क्युलेटरवरही होतं. या लेखात लंडन–न्यूयॉर्क हीच जोडी शेवटपर्यंत सोबत ठेवू, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर आकडा का आणि कितीने हलतो ते दिसेल.

आधी विमानतळ ठरवा, शहर नव्हे

वरचा ५,५७० हा आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा आहे. विमान काही शहराच्या चौकातून उडत नाही. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आहे आणि केनेडी विमानतळ न्यूयॉर्कच्या मध्याच्या पूर्वेला. म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकलेली. म्हणून विमानतळ ते विमानतळ अंतर तीसेक किलोमीटरने कमी भरतं.

विमानात बसल्यावर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, जमिनीवर मात्र बिघडतं. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे आणि नारिता ६० किलोमीटरच्या पुढे. हवेतलं अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच, पण घरी पोचायला लागणाऱ्या वेळात तासाभराचा फरक सहज पडतो. तिकीट शोधताना काही वेळा विमानतळाऐवजी अख्ख्या शहराचा तीन अक्षरी संकेत दिलेला असतो. लंडनसाठी ‘एलओएन’ टाकलं तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन सगळेच निकालात येतात. तुम्हाला हीथ्रोच हवा असेल तर ‘एलएचआर’ टाका आणि निकालात तेच आलंय ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

नावांचा घोळ याहून वाईट. ऑस्ट्रेलियात सिडनी आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कोस्टा रिकातही आहे, कॅलिफोर्नियातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अलाबामातही. चुकीच्या सिडनीत उतरलेले प्रवासी खरोखर होऊन गेले आहेत. तेव्हा संकेत, देश आणि मगच अंतर, हा क्रम सोडू नका.

अक्षांश-रेखांश लिहून घेणं

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत हवेत. हीथ्रो : अक्षांश ५१.४७००, रेखांश −०.४५४३. केनेडी : अक्षांश ४०.६४१३, रेखांश −७३.७७८१. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. एवढा नियम सोपा आहे, तरीही बहुतेक चुका इथेच होतात.

पहिली चूक चिन्हाची. टोकियोचा रेखांश १३९.७८ पूर्व आणि लॉस एंजेलिसचा ११८.४१ पश्चिम. पश्चिमेचं उणे चिन्ह राहून गेलं तर दोघांमधला फरक २१ अंशांचा दिसतो आणि अख्खा पॅसिफिक महासागर जेमतेम दोन हजार किलोमीटरचा होतो. खरं अंतर ८,८०० च्या आसपास आहे. दुसरी चूक मिनिटांची. नकाशावर ५१°२८′ असं लिहिलेलं असतं, ते लोक ५१.२८ असं उतरवतात. अंशात ६० मिनिटं असतात, १०० नव्हेत. २८ भागिले ६० म्हणजे ०.४६६७, तेव्हा योग्य आकडा ५१.४६६७. या एका चुकीने विमानतळ २० किलोमीटर दक्षिणेला सरकतो, आणि उत्तर इतकं बरोबर दिसतं की शंकाही येत नाही.

रेखांशांमधला फरक १८० अंशांपेक्षा जास्त आला, तर तो ३६० मधून वजा करा. टोकियो–लॉस एंजेलिसचा फरक २५८.१९ येतो, तो खरा १०१.८१ अंश. पुढे येणाऱ्या कोसाइनच्या सूत्रात ही वजाबाकी केली नाही तरी उत्तर तेच येतं, पण हाताने नकाशा पाहताना ही सवय उपयोगी पडते.

अंतर काढणं

गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता बृहद्‌वृत्ताच्या कमानीवरून जातो. भूगोलात शिकलेलं विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्तच. पृथ्वीच्या केंद्रातून आरपार काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते. कुठल्याही दोन ठिकाणांमधून असं एक वर्तुळ जातं आणि त्याची छोटी बाजू हे विमानाचं किमान अंतर.

सूत्र शब्दांत असं : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरांची बेरीज म्हणजे दोन ठिकाणांमधल्या कोनाचा कोसाइन.

आपल्या जोडीसाठी :

५१.४७ चा साइन ०.७८२३, ४०.६४१३ चा साइन ०.६५१३; गुणाकार ०.५०९५.
५१.४७ चा कोसाइन ०.६२२९, ४०.६४१३ चा कोसाइन ०.७५८८, आणि फरक ७३.३२३८ अंशांचा, त्याचा कोसाइन ०.२८७०, तिघांचा गुणाकार ०.१३५६.
बेरीज ०.६४५२. व्यस्त कोसाइन घेतला की कोन ४९.८२ अंश.

एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून). गुणाकार केला की ५,५४० किलोमीटर. सुरुवातीचा दुसरा आकडा कुठून आला ते कळलं असेल.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक), हे आधी बघा. स्प्रेडशीटमध्ये साइन-कोसाइन नेहमी रेडियनच मागतात, म्हणून प्रत्येक कोन आधी रेडियनमध्ये बदलावा लागतो. तिथे शेवटचं उत्तरही रेडियनमध्येच येतं, आपल्या बाबतीत ०.८६९६, त्याला थेट ६,३७१ ने गुणलं की पुन्हा तेच ५,५४०. उत्तर विचित्र आलं तर दहापैकी नऊ वेळा चूक याच जागी सापडते. आणखी एक झटपट कसोटी : पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी लांब असूच शकत नाहीत. त्यापुढचा आकडा दिसला की पान बंद करायला हरकत नाही.

आता तिसरा आकडा, ५,५५४. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर, ध्रुवांपाशी ६,३५६.८. जीपीएस ज्या आकाराचा आधार घेतं त्या चपटलेल्या गोलावर मोजलं की लंडन–न्यूयॉर्क १४ किलोमीटरने वाढतं, म्हणजे पाव टक्का. विमानाला एका मिनिटाचं काम. प्रवास ठरवण्यासाठी साध्या गोलाचं सूत्र पुरेसं आहे. विमान ११ किलोमीटर उंचीवरून जातं तेव्हा वरचं वर्तुळ मोठं असणार, अशी शंका काहींना येते. वाढ होते ती ०.१७ टक्के, आपल्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत. सोडून द्या.

गणिताचा कंटाळा असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोरा दोन्ही शहरांवर ताणून धरा, हलकेच हलवून जिथे सर्वांत घट्ट बसेल तिथे खुणा करा आणि पट्टीवर मोजा. लंडन–न्यूयॉर्क तेरा सेंटीमीटर भरेल. हातच्या चुकीसकट उत्तर दोन-तीन टक्क्यांत येतं. शिवाय मार्ग कुठून जातो ते डोळ्यांना दिसतं, आणि हा खरा फायदा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखणाऱ्याला टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारं विमान अलास्काच्या बाजूने का जातं हे कळत नाही. दोरा मात्र आपणहून तिकडे सरकतो. भिंतीवरच्या नकाशावर ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे सरळ रस्ता वाकडा दिसतो आणि वाकडा सरळ.

एककांकडे लक्ष असू द्या. विमान क्षेत्रात अंतर सागरी मैलांत मोजतात : एक सागरी मैल म्हणजे बरोबर १.८५२ किलोमीटर, आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. लंडन–न्यूयॉर्क ३,४५१ साधे मैल, पण सागरी मैल २,९९९. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कोणते, ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

विमान त्या रेषेवरून जात नाही

काढलेलं अंतर हे किमान. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून आणि बिंदूंवरून जातं. धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते, त्यामुळे पूर्वेला जायचं असूनही उड्डाण पश्चिमेकडे होतं आणि मग वळावं लागतं. उतरताना रांगेत लागावं लागतं. एवढ्याने लांब मार्गावर ३ ते ६ टक्के वाढ धरावी. पाचशे किलोमीटरच्या छोट्या मार्गावर टक्केवारी याहून मोठी दिसते, कारण टेकऑफ-लँडिंगचे वळसे तेवढेच राहतात आणि मधलं अंतर घटतं.

काही मार्गांवर मात्र वळसा टक्क्यांत सांगून भागत नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपातल्या बहुतेक विमान कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी–टोकियो सरळ रेषेत सुमारे ७,८०० किलोमीटर आणि पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. आता विमान ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालतं आणि १३ तासांच्या आसपास लागतात. रेषेचं अंतर तेच आहे, म्हणून अंतर सांगणारी अनेक पानं अजूनही जुनाच वेळ दाखवत बसली आहेत. तिबेटच्या पठाराचंही तसंच. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन १०,००० फुटांच्या आसपास उतरावं लागतं. खाली जमीनच त्याहून उंच असेल तर उतरणार कुठे? म्हणून बहुतेक विमानं तो भाग टाळतात. समुद्रावर दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक अट असते : एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात हवा. विशेष मंजुरी नसेल तर ही मर्यादा ६० मिनिटांची. मंजुरीनंतर १८० मिनिटं आणि काही विमानांना त्याहूनही जास्त.

उत्तर अटलांटिकचा प्रकार वेगळाच. तिथे मार्ग रोज नव्याने आखतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी समांतर पट्टे, त्या-त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार उत्तर-दक्षिण सरकवलेले. काल तुमच्या मित्राचं विमान ग्रीनलंडच्या टोकाजवळून गेलं म्हणून उद्या तुमचंही तिथूनच जाईल असं नाही.

वेग

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखं मोठं विमान मॅक ०.८५ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास जातं. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचं प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर; त्याचे ०.८५ पट म्हणजे सुमारे ९००. जमिनीजवळच्या ध्वनीवेगाने, म्हणजे ताशी १,२२५ ने गुणलं तर हजाराच्या वरचा खोटा वेग मिळतो. ही चूक बरीच लोकप्रिय आहे. आसनांच्या मधे एकच मार्गिका असलेली विमानं, म्हणजे ए३२० किंवा ७३७, मॅक ०.७८ ने, ताशी ८३० च्या घरात. एटीआर ७२ सारखं पंखेवालं विमान ५०० च्या आसपास.

हा हवेतला वेग झाला. चढताना आणि उतरताना विमान एवढं वेगात नसतं. ३५,००० फुटांवर पोचायला २० ते २५ मिनिटं लागतात. खाली येण्यासाठी वैमानिकांचा आडाखा साधा आहे : उंचीतले हजार फूट गुणिले तीन, तेवढे सागरी मैल आधी उतरायला लागायचं. ३५ त्रिक १०५ सागरी मैल, शिवाय वेग कमी करायला थोडी जागा. म्हणजे विमानतळापासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरच उतरणं सुरू होतं. त्यात १०,००० फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा.

घड्याळ कुठे सुरू होतं

तिकिटावरची सुटायची वेळ ही विमान हवेत झेपावायची नसते, दार बंद होऊन विमान गेटपासून मागे ढकललं जायची असते. पोचायची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नव्हे, गेटवर थांबल्याची. या दोहोंमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात आणि वेळापत्रकात तोच असतो. फक्त हवेतला वेळ त्याहून वीस ते चाळीस मिनिटांनी कमी भरतो. ‘साडेसहा तास’ आणि ‘सात तास’ यांतल्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

आता झटपट सूत्र. मोठ्या विमानासाठी किलोमीटरला ८५० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. ए३२०-७३७ साठी ७८० ने भागून ४० मिनिटं. एटीआरसाठी ४८० ने भागून ३० मिनिटं. ८५० हा विमानाचा वेग नाही. ताशी ९०० मध्ये मार्गाचा वळसा पोटात घातला की ८५० उरतात. आणि ती ४० मिनिटं अशी : निघताना धावपट्टीपर्यंत सरपटत जायला पंधरा, उतरल्यावर गेटपर्यंत सातेक, चढण्या-उतरण्यात गेलेला वेग भरून काढायला दहा, उरलेली उतरण्याच्या रांगेसाठी. गर्दीच्या विमानतळावर निघतानाची पंधरा मिनिटं सहज पंचवीस-तीस होतात; छोट्या विमानतळावर पाचात काम होतं.

सूत्र ताडून पाहू. सिंगापूर–न्यूयॉर्क केनेडी, १५,३४९ किलोमीटर, जगातल्या सर्वांत लांब थेट मार्गांपैकी एक. ८५० ने भागले की १८ तास ३ मिनिटं, अधिक ४० : १८ तास ४३ मिनिटं. वेळापत्रकातही पावणेएकोणीस तासांच्या आसपासच असतं. मौज अशी की सरळ रेषा ध्रुवाजवळून जाते, पण न्यूयॉर्ककडे जाणारं विमान बहुतेकदा पॅसिफिकवरून जातं. हजारभर किलोमीटर जास्त कापून, पाठीशी वारा घेऊन. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण : २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. तिथे आपलं सूत्र तोंडावर आपटतं, कारण आठ-दहा आसनी विमानाला ना रांग, ना धावपट्टीपर्यंत लांब सरपटणं. दोनशे किलोमीटरच्या आतल्या मार्गांना हे सूत्र लावू नका, थेट वेळापत्रक बघा.

वारा : जाताना एक, येताना एक

लंडन–न्यूयॉर्कला (५,५५४ किलोमीटर धरून) सूत्र लावलं तर ६ तास ३२ मिनिटं अधिक ४०, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. वेळापत्रक मात्र जाताना आठ तासांच्या जवळ आणि येताना सातच्या जवळ दाखवतं. हा जेट स्ट्रीमचा खेळ. मध्य अक्षांशांत ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेचे प्रवाह वाहतात. गाभ्यात वेग ताशी २०० च्या पुढे जातो, हिवाळ्यात ३०० देखील ओलांडतो. विमान सगळाच वेळ गाभ्यात नसतं, म्हणून मार्गावरची सरासरी यापेक्षा बरीच कमी येते.

हिशोबासाठी : पूर्व-पश्चिम मार्ग, साधारण ३० ते ६० अक्षांशांमधला, हिवाळ्यात १० टक्के आणि उन्हाळ्यात ५ टक्के. पश्चिमेकडे जाताना मिळवा, पूर्वेकडे येताना वजा करा. ही टक्केवारी फक्त भागाकाराच्या उत्तराला लावायची, ४० मिनिटांना नाही. जमिनीवर सरपटणाऱ्या विमानाला जेट स्ट्रीम लागत नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्ककडे : ६ तास ३२ चे ७ तास ११ होतात, अधिक ४०, एकूण ७ तास ५१. लंडनकडे : ५ तास ५३ अधिक ४०, एकूण ६ तास ३३. उत्तर-दक्षिण मार्गांवर आणि विषुववृत्ताच्या आसपास ही दुरुस्ती जवळजवळ शून्य धरा.

जाताना गमावलेलं येताना भरून निघतं, हा गैरसमज. ६,००० किलोमीटर, वेग ९००, वारा नसेल तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं. ताशी १०० चा वारा असेल तर एका बाजूला १,००० च्या वेगाने ६ तास, दुसऱ्या बाजूला ८०० च्या वेगाने साडेसात, बेरीज साडेतेरा. दहा मिनिटं गेलीच. विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा फायद्यापेक्षा मोठा राहतो. आणि ‘पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला जाताना शहरच पुढे येतं’ हे ऐकायला छान, पण हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे त्याचा थेट फायदा काही नाही.

वारा टोकाला गेला की काय होतं याचा नमुना ९ फेब्रुवारी २०२० चा. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नाही, कारण आजूबाजूची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

आपला पूर्वेकडचा हिशोब ६ तास ३३ आणि वेळापत्रक सात तास. हा अर्धा तास कुठे गेला? तो राखीव वेळ. गर्दीच्या विमानतळावर उतरायच्या आधी घिरट्या घालाव्या लागतात, जमिनीवर सरपटणाऱ्या विमानांची रांग लांबते, वारा रोज तेवढाच साथ देत नाही. आणि ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान सर्वसाधारणपणे ‘वेळेवर’ धरलं जातं, त्यामुळे वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवणं कंपनीच्या सोयीचंच असतं. उशिरा सुटूनही वेळेवर पोचलेल्या विमानाचं रहस्य वैमानिकाच्या वेगात क्वचितच असतं. तुमचा आकडा वेळापत्रकापेक्षा पंधरा ते तीस मिनिटांनी कमी आला तर हिशोब बरोबर आहे असं समजा. तासाहून जास्त फरक पडला तर मार्गात मोठा वळसा आहे किंवा विमानाचा प्रकार चुकीचा धरलाय.

तिकिटावरच्या वेळांवरून प्रवास किती तासांचा ते काढणं

सुटायची आणि पोचायची वेळ नेहमी त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते. थेट वजाबाकी केली तर फसाल. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदला आणि मग वजा करा.

टोकियो (यूटीसी अधिक ९) १२ जानेवारीला संध्याकाळी १७:०० ला सुटलं, लॉस एंजेलिसला (हिवाळ्यात यूटीसी उणे ८) १२ जानेवारीलाच सकाळी १०:०० ला पोचलं. सुटण्याच्या सात तास आधी! १७:०० वजा ९ म्हणजे ०८:०० यूटीसी. १०:०० अधिक ८ म्हणजे १८:०० यूटीसी. प्रवास दहा तासांचा. परत येताना १२ तारखेला दुपारी १२:०० ला निघालात, तर यूटीसी २०:००. पावणेबारा तासांनी १३ तारखेचे ०७:४५ यूटीसी, टोकियोत १३ तारखेची १६:४५. वाररेषा ओलांडली, म्हणून तारीख पुढे गेली. वेळापत्रकात पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ असतं ते हेच. हॉटेलचं बुकिंग एक दिवस आधीचं होतं ते हे न पाहिल्यामुळे.

पूर्ण तासांवर भरवसा ठेवू नका. काठमांडूची वेळ यूटीसी अधिक ५:४५ आहे, ॲडलेडची प्रमाणवेळ अधिक ९:३०.

त्याहून छळणारी गोष्ट उन्हाळी वेळेची. लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक वर्षभर पाच तासांचा धरला जातो. पण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च हा फरक चार तासांचाच. शरद ऋतूतही तसंच : युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मधला आठवडा पुन्हा चार तासांचा. त्या दिवसांत ११:२० ला लंडनहून सुटून १५:१० ला न्यूयॉर्कला पोचणारं विमान ३:५० अधिक ४, म्हणजे ७ तास ५० मिनिटांचं. सवयीने पाच मिळवलेत तर प्रवास उगाच तासाने लांबतो. सिडनीत उन्हाळा उलट्या महिन्यांत, ऑक्टोबर ते एप्रिल, तेव्हा तिथलं घड्याळ वर्षातून दोनदा आणि उलट दिशेने सरकतं. मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमान कंपन्यांचा हंगामही बदलतो, म्हणून त्या तारखांच्या पलीकडचा प्रवास असेल तर आजचं वेळापत्रक गृहीत धरू नका.

थेट विमान नसेल तेव्हा

दोन टप्प्यांचं अंतर वेगवेगळं काढा आणि ४० मिनिटं दोनदा धरा. एकूण अंतर जोडून एकदाच भागाकार केला तर उत्तर कमी येतं. मग मधला थांबा. प्रत्येक विमानतळाची किमान जोड वेळ ठरलेली असते, बहुतेक ठिकाणी ४५ ते ९० मिनिटांच्या घरात. एकाच तिकिटावर तेवढ्यावर विकलेली जोड चालते, आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हे संरक्षण नाही. सामान घ्यायचं, पुन्हा द्यायचं, प्रसंगी त्या देशाचा व्हिसाही लागायचा. अशा वेळी चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवणं म्हणजे जुगार. पोचायचा विमानतळ आणि पुढचा सुटायचा विमानतळ एकच आहे ना, हेही बघा. लंडनमध्ये एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधला रस्ताच दोन-तीन तास खातो.

आणि घरापासून घरापर्यंत हिशोब हवा असेल तर ब्लॉक टाइममध्ये हे मिळवा : विमानतळापर्यंतचा रस्ता, देशांतर्गत उड्डाणाला दोन तास, आंतरराष्ट्रीयला तीन, उतरल्यावर सामान नसेल तर वीस मिनिटं, सामान आणि इमिग्रेशन असेल तर तास-दीड तास, मग पुढचा रस्ता. बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय काउंटर तासभर आधी आणि गेट पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे तिकिटावरच्या मिनिटाला गेटवर पोचलात तर समोर विमान मागे सरकतानाच दिसेल. पाचशे किलोमीटरच्या उड्डाणात हवेतला तासाभराचा वेळ या सगळ्याच्या निम्माही भरत नाही. तिथे अंतर मोजण्याआधी रेल्वेचं वेळापत्रक उघडून पाहा.